म्युन्स्टरचा वेढा: न्यायाच्या दिवसाची तारीख ठरवणारं शहर

वेढ्यांच्या या मालिकेत आजवर आपण प्रत्येक किल्ल्याला साधारण एकच प्रश्न विचारत आलो. आत दाणागोटा किती होता, बाहेर पैसा किती होता, आणि कोणाचं आधी संपलं? आजच्या वेढ्यात आतल्या लोकांकडे आणखी एक गोष्ट होती: तारीख. त्या दिवशी खुद्द देव येऊन जगाचा न्याय करणार आणि वेढा घालणाऱ्यांसह सगळ्या पाप्यांचा निकाल लावणार, अशी त्यांची खात्री होती. ती तारीख आली आणि गेली. कोणी आलं नाही. तरीही शहर पुढे वर्षभराहून जास्त लढलं. का लढलं, हा आजचा विषय.

जागा जर्मनीच्या वायव्येला, वेस्टफालिया प्रांतातलं म्युन्स्टर. काळ फेब्रुवारी १५३४ ते जून १५३५. आपल्याकडचा संदर्भ हवा असेल तर याच वेढ्याच्या मधोमध, डिसेंबर १५३४ मध्ये, गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगिजांना तहात देऊन टाकली. दोन घटनांचा संबंध काही नाही, पण काळ डोळ्यांसमोर यायला बरं पडतं.

आधी श्रद्धेचं थोडं समजून घेऊ, नाहीतर पुढचं सगळं वेडेपणा वाटेल, आणि ते तसं नव्हतं. ख्रिस्ती धर्मात जगाच्या शेवटाची शिकवण अगदी सुरुवातीपासून आहे. येशू ख्रिस्त परत येणार, मेलेले उठणार, सगळ्यांचा न्याय होणार. बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, म्हणजे प्रकटीकरणात, याचं वर्णन मोठ्या भव्य चित्रांनी केलेलं आहे. त्यात हजार वर्षांचं राज्य आहे, शिक्का मारलेले १,४४,००० निवडक लोक आहेत आणि आकाशातून उतरणारं नवं यरुशलेम आहे. पण या शिकवणीला दोन बाजू आहेत आणि त्या एकत्रच धराव्या लागतात. एक, तो दिवस अचानक येईल, रात्री चोर यावा तसा. दुसरी, तो कधी येईल हे कोणालाही ठाऊक नाही. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू हे स्वच्छ सांगतो: तो दिवस आणि ती घटका देवदूतांनाही माहीत नाही.

फौजेत राहिलेल्या माणसाला हे चटकन कळतं. सीमेवरच्या चौकीत रोज पहाटे आणि संध्याकाळी स्टँड-टू असतो. प्रत्येक जण हत्यार घेऊन आपल्या मोर्च्यात उभा राहतो. हल्ला होणार अशी बातमी आहे म्हणून नव्हे, तर हल्ला कधी होईल ते माहीत नाही म्हणून. वेळ ठाऊक नसणं हाच त्या सावधपणाचा पाया. उद्या कोणी येऊन सांगितलं की हल्ला बरोबर १५ तारखेला सहा वाजता होणार, तर १४ तारखेपर्यंत लोक झोपा काढतील आणि १६ तारखेला, काहीच घडलं नाही म्हणून, सांगणाऱ्याकडे बघतील. त्या १६ तारखेला सांगणारा काय करतो, तिथे म्युन्स्टरची गोष्ट सुरू होते.

सोळाव्या शतकाच्या त्या तिसेक वर्षांत तारखा सांगणाऱ्यांचं पीक आलं होतं, आणि त्याला कारणंही होती. १५१७ मध्ये मार्टिन ल्युथरने पोपच्या सत्तेला आव्हान दिलं आणि हजार वर्षांची घडी मोडली. १५२५ मध्ये जर्मन शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं आणि ते सरदारांनी रक्तात बुडवलं. त्या बंडाचा एक पुढारी थोमास म्युन्त्सर हासुद्धा शेवटच्या न्यायाची भाषा बोलणारा धर्मोपदेशक. (नाव सारखं वाटतं, पण आपल्या शहराशी त्याचा संबंध नाही.) १५२९ मध्ये तुर्कांची फौज थेट व्हिएन्नाच्या तटाला येऊन भिडली. महागाई होती, साथीचे रोग होते. बायबल आता लोकांच्या बोलीत छापून मिळत होतं, आणि प्रकटीकरणातली चित्रं वाचणाऱ्याला आपल्या खिडकीबाहेर दिसत होती.

ल्युथरचा एक मित्र होता, मिखाएल श्टिफेल. उत्तम गणिती, गावचा पाद्री. त्याने बायबलमधल्या अक्षरांचे आकडे मांडून हिशोब केला की जग १९ ऑक्टोबर १५३३ रोजी सकाळी आठ वाजता संपेल. गावकरी देवळात जमले. आठ वाजले, नऊ वाजले. श्टिफेलला अटक झाली, ल्युथरने रदबदली करून त्याला सोडवलं, आणि तो पुन्हा गणिताकडे वळला. १५४४ मध्ये त्याचं बीजगणितावरचं पुस्तक आलं, ते आजही गणिताच्या इतिहासात मानाने घेतलं जातं. तारीख चुकलेल्या माणसाला थांबवणारा एखादा मित्र आणि परत जायला एखादा धंदा असला, तर गोष्ट इतक्यावर भागते.

म्युन्स्टरमध्ये तसं झालं नाही. तिथली चळवळ ॲनाबाप्टिस्टांची. हे लोक म्हणत, तान्ह्या बाळाला दिलेला बाप्तिस्मा खरा नाही, माणसाने मोठेपणी समजून उमजून घेतलेलाच खरा. आज हे निरुपद्रवी वाटतं. पण त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे जन्माची नोंद, गावाचं सभासदत्व, राजाशी निष्ठा, सगळं एकत्र होतं. १५२९ मध्ये श्पायरच्या शाही सभेने पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्याला मृत्युदंड ठरवला. कॅथलिक आणि ल्युथरवादी बाकी कशावर एकमत होत नसत, यावर झाले.

या छळात मेल्खिओर होफमान नावाचा माणूस पुढे आला. धंदा फरच्या कपड्यांचा, शिक्षण बेताचं, वाणी जबरदस्त. त्याचं म्हणणं, १५३३ मध्ये स्ट्रासबुर्ग शहर नवं यरुशलेम होईल. कोणीतरी त्याला भविष्य सांगितलं होतं की तू आधी तुरुंगात जाशील आणि सहा महिन्यांत सगळं घडेल. तो आपण होऊन स्ट्रासबुर्गला गेला, पकडला गेला आणि आनंदाने कोठडीत शिरला. सहा महिने गेले, वर्ष गेलं. सुमारे दहा वर्षांनी तो तिथेच वारला. पण होफमानबद्दल एक गोष्ट मी आवर्जून सांगतो. त्याच्या अनुयायांचे शिरच्छेद होऊ लागले तेव्हा त्याने हुकूम दिला होता की दोन वर्षं बाप्तिस्मे बंद ठेवा. माणसं वाचवा आणि वाट पाहा, न्याय देव करील. त्याच्या तारखा चुकल्या, पण हत्यार उचला असं त्याने सांगितलं नाही.

तो तुरुंगात असताना सूत्रं गेली हार्लेमच्या एका बेकरीवाल्याकडे. त्याचं नाव यान मातैस. १५३३ च्या अखेरीस त्याने जाहीर केलं की प्रकटीकरणातल्या दोन साक्षीदारांपैकी आपण एक आहोत, स्थगिती उठली, बाप्तिस्मे सुरू करा. त्याने चोहीकडे माणसं पाठवली. त्यातला एक, चोवीस-पंचवीस वर्षांचा यान, लायडेनचा शिंपी, नंतर खानावळ चालवलेला, नाटकं करायची हौस असलेला, जानेवारी १५३४ मध्ये म्युन्स्टरला पोचला. इथून पुढे दोन यान आहेत, म्हणून मी एकाला मातैस म्हणेन आणि दुसऱ्याला लायडेनचा यान.

म्युन्स्टरमध्ये जमीन आधीच नांगरलेली होती. बर्नहार्ड रोथमान नावाचा लोकप्रिय धर्मोपदेशक कॅथलिकांकडून ल्युथरकडे आणि तिथून ॲनाबाप्टिस्टांकडे सरकला होता. क्निपरडोलिंग नावाचा श्रीमंत कापड व्यापारी त्याच्या पाठीशी होता. शहराचा धनी होता बिशप फ्रान्झ फॉन वाल्डेक. हे बिशप म्हणजे नुसते धर्मगुरू नव्हेत, प्रांताचे राजे. कारागिरांच्या संघटनांचं आणि बिशपचं वाकडं होतंच. २३ फेब्रुवारी १५३४ ला नगरपालिकेची निवडणूक झाली, आणि लक्षात घ्या, ॲनाबाप्टिस्ट ती रीतसर जिंकले. क्निपरडोलिंग नगराध्यक्ष झाला. दरम्यान मातैस स्वतः येऊन पोचला होता. चारच दिवसांनी, २७ तारखेला, कडाक्याच्या थंडीत, जे बाप्तिस्मा घेणार नाहीत त्या सगळ्यांना वेशीबाहेर काढलं. म्हातारे, पोरंबाळं, बाळंतिणी, कोणालाही वगळलं नाही. घरं आणि चीजवस्तू आत राहिल्या. त्याच सुमारास बिशपच्या फौजेने वेढा घालायला सुरुवात केली.

व्हिडिओत मी नकाशा दाखवला होता, इथे शब्दांत सांगतो. सपाट मुलूख. शहराभोवती दुहेरी तटबंदी आणि पाण्याचे खंदक. त्या काळच्या तोफांना दाद न देणारा हा मजबूत कोट. आत काही हजार वस्ती, त्यात हॉलंडकडून आलेले शेकडो लोक. बायका पुरुषांच्या जवळजवळ तिप्पट, कारण बरेच पुरुष घरदार राखायला बायकांना ठेवून बाहेर पडले होते. बिशपकडे भाडोत्री सैनिक. त्यांचा पगार महिन्याचा महिन्याला द्यावा लागे आणि बिशपची तिजोरी कायम रिकामी.

मातैसची तारीख होती १५३४ चं ईस्टर. तोवर सहा आठवडे त्याने शहर मुठीत ठेवलं. पैसा जमा करून घेतला, घरांना कुलूप लावायची बंदी केली, बायबल सोडून बाकी पुस्तकं जाळली. ह्यूबर्ट रूशर नावाच्या लोहाराने उघड टीका केली, त्याला चौकात सगळ्यांसमोर ठार केलं. मार्च महिन्यात हॉलंडमधून हजारो लोक नावांत बसून निघाले. देव वाटेत भेटून म्युन्स्टरला नेईल असा निरोप त्यांना होता. बहुतेकांना सरकारने वाटेतच अडवलं, हत्यारं काढून घेतली आणि परत पाठवलं.

ईस्टर उजाडलं. मातैस मूठभर माणसं घेऊन दरवाजाबाहेर पडला. शत्रूच्या फौजेवर आपण चालून जायचं आणि देव बाकीचं बघेल, अशी त्याची समजूत. काही मिनिटांत त्याचे तुकडे झाले आणि डोकं भाल्यावर लावून तटासमोर नाचवलं गेलं. हा माणूस मला पटत नाही, पण निदान त्याने स्वतःच्या भविष्याची किंमत स्वतः मोजली.

आता १६ तारीख आली. न्यायाचा दिवस टळला, संदेष्टा मेला. शहर इथे खचायला हवं होतं. पण लोकांना परतायला जागाच उरलेली नव्हती. बाहेर मृत्युदंड होता आणि घरदार सोडून आलेल्यांचं मागे काही शिल्लक नव्हतं. अशा माणसांना नवा अर्थ देणारा कोणी भेटला तर ते त्याला घट्ट धरतात. तो लायडेनच्या यानने दिला. मातैसचा मृत्यू असाच व्हायचा होता, मला आधीच दृष्टांत झाला होता, असं त्याने लोकांना सांगितलं. निवडून आलेली नगरपालिका त्याने बरखास्त केली आणि इस्राएलच्या बारा वंशांच्या धर्तीवर बारा वडील नेमले. मतांनी मिळालेली सत्ता सहा-सात आठवड्यांत दृष्टांतावर चालू लागली.

लष्करी दृष्टीने मात्र हा शिंपी हुशार निघाला, हे मान्य करायला हवं. तटावर पाळ्या, दुरुस्तीची पथकं, धान्याची मोजदाद, सामुदायिक भोजन, सगळं शिस्तीत. २५ मे ला बिशपने हल्ला केला. त्याचे काही सैनिक दारू प्यालेले होते आणि वेळेआधीच पुढे सरकले, सगळा बेत फसला. शेवटच्या ऑगस्टात तीन दिवस तोफांचा मारा करून मोठा हल्ला झाला. बायका तटावर उकळतं तेल, चुनकळी आणि डांबराची पेटती कडी घेऊन उभ्या होत्या. हल्ला मोडला आणि बिशपचे बरेच अधिकारी कामी आले. कोणत्याही वेढ्याच्या इतिहासात अभिमानाने सांगावी अशी ही झुंज आहे.

पण प्रत्येक विजय यानच्या दाव्याचा पुरावा ठरत गेला. हिले फायकेन नावाची एक तरुण मुलगी जूनमध्ये बाहेर पडली. बायबलच्या कथेतल्या यहूदीथने जसा शत्रूचा सेनापती मारला तसं आपण बिशपला मारायचं, या निश्चयाने. पकडली गेली, मारली गेली. जुलैत यानने अनेक बायका करण्याची पद्धत सक्तीने सुरू केली. कारण सांगितलं ते दुहेरी: जुन्या करारातले कुलपुरुष तसं करत, आणि १,४४,००० निवडकांची संख्या भरायची आहे. मोलेनहेके नावाच्या एकाने बंड केलं, यानला रात्रभर कोंडूनही ठेवलं. बंड मोडलं आणि बंडवाल्यांना एकामागून एक मारण्यात आलं. यानने स्वतः सोळा बायका केल्या, त्यात पहिली मातैसची विधवा दिवारा. ऑगस्टच्या विजयानंतर दुसेनशुअर नावाच्या सोनाराला दृष्टांत झाला की यान हा नवा दावीद, साऱ्या जगाचा राजा. मुकुट आला, चौकात सिंहासन आलं, सोन्याच्या साखळ्या आल्या. लोकांकडचे जादा कपडे मात्र जमा करून घेतले.

इथे मी एक फौजी निरीक्षण मांडतो. आपल्या सैन्यात प्रत्येक पलटणीत धर्मगुरू असतात: पंडितजी, ग्रंथी साहेब, मौलवी साहेब, पाद्री साहेब. जवानांच्या मनोधैर्यासाठी त्यांचं मोल फार मोठं आहे, ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण हल्ल्याची वेळ ते ठरवत नाहीत आणि माघारीचा निर्णय त्यांच्याकडे नसतो. म्युन्स्टरमध्ये सेनापती, न्यायाधीश आणि संदेष्टा ही तिन्ही माणसं एकच झाली. सेनापतीला म्हणता येतं, बेत फसला, दुसरा करू. संदेष्ट्याला ते म्हणता येत नाही. बेत फसला असं म्हटलं की त्याचं सगळंच जातं.

ऑक्टोबरमध्ये यानने सत्तावीस प्रेषित आसपासच्या गावांत पाठवले. लोक उठतील, मदत येईल, ही अपेक्षा. जवळजवळ सगळे पकडून मारले गेले. हाइनरिश ग्रेस नावाचा एक परत आला आणि म्हणाला, देवदूताने माझ्या बेड्या सोडवल्या. चमत्कार ऐकायची सवय झालेल्या शहराने ते खरं मानलं. खरं तर त्याच्या बेड्या बिशपने सोडवल्या होत्या. पुढे कुमक आणायला म्हणून यानने त्यालाच पैसे आणि पत्रं देऊन पाठवलं. त्याने बाहेरच्या सगळ्या हितचिंतकांची नावं आणि हत्यारांचे साठे बिशपला सांगून टाकले. परत आलेल्या माणसाची कसून चौकशी करायची, हा नियम कोणत्याही फौजेत पहिल्या वर्षी शिकवतात. पण देवदूताची उलटतपासणी कोण घेणार?

वर्षाअखेरीस रोथमानने सुडावर एक पुस्तिका लिहिली. माझ्या मते या गोष्टीतला सगळ्यांत महत्त्वाचा कागद हाच. मजकुराचा सारांश असा की वाट पाहण्याचा काळ संपला, आता देवाची शिक्षा देवाच्या लोकांनी स्वतः तलवार हातात घेऊन द्यायची. होफमानपासून इथपर्यंत अवघी दोन-तीन वर्षं गेली होती. न्याय देव करील, हे पहिलं वाक्य. देवाच्या वतीने आपण करू, हे शेवटचं. मधल्या काळात तीन तारखा चुकल्या होत्या आणि प्रत्येक चुकलेल्या तारखेनंतर वाट पाहणाऱ्यांचा एक गट मागे पडून मारणाऱ्यांचा एक गट पुढे आला होता.

बाहेर बिशपनेही धडा घेतला. हल्ले बंद. शहराभोवती लाकडी गढ्या, त्यांना जोडणारा मातीचा बांध आणि चर. साम्राज्यातल्या इतर संस्थानांकडून पैसा मागितला. ल्युथरवादी हेसच्या फिलिपने कॅथलिक बिशपला तोफा दिल्या, म्हणजे भीती किती पसरली होती बघा. सेनापती म्हणून विरिश फॉन डाउन आला. थंडीत नाकेबंदी पूर्ण झाली. आता तोफेपेक्षा पोट महत्त्वाचं.

राजाने सांगितलं, १५३५ च्या ईस्टरला सुटका, नाहीतर मला जाळा. ईस्टर आलं. काही दिवस तो आजारी म्हणून पडून राहिला. मग उठून म्हणाला, सुटका झाली आहे, ती आत्म्याची होती, तुम्हाला कळली नाही. त्याला कोणी जाळलं नाही.

घोडे संपले, मग कुत्री, मांजरं, उंदीर. मग गवत, शेवाळ, जोड्यांचं कातडं, भिंतींचा चुना. राजाने निघून जाऊ इच्छिणाऱ्यांना परवानगी दिली. बाहेर आलेले पुरुष बहुतेक मारले गेले. बायका-मुलांना बिशपच्या लोकांनी पुढे सोडलं नाही आणि शहराने परत घेतलं नाही. तट आणि बांध यांच्यामधल्या मोकळ्या पट्ट्यात ती माणसं आठवडेच्या आठवडे गवत खात रांगत होती. नो मॅन्स लँड हा शब्द आपण पहिल्या महायुद्धाचा समजतो. मला तो शब्द ऐकला की हा पट्टा आठवतो. त्यांना तिथे मरू देणारे देवाच्या शिक्षेची भाषा बोलत नव्हते. ते शिस्तशीर नाकेबंदी करत होते, आणि त्यांचं कृत्य त्याने तसूभरही कमी होत नाही.

शेवट फितुरीने झाला. हाइनरिश ग्रेसबेक हा म्युन्स्टरचाच सुतार, आधी भाडोत्री सैनिक म्हणून फिरलेला. मे मध्ये तो पळाला, पकडला गेला, आणि जीव वाचवण्यासाठी त्याने तटाचा कच्चा भाग मातीत आखून दाखवला. २४ जूनच्या रात्री तो पोहत खंदक ओलांडून गेला आणि मागून तरता पूल ओढून घेतला. काही शे सैनिक आत शिरले. आणि आत शिरल्यावर त्यांनी मागच्या दरवाजावर पहारा ठेवला नाही! शहरवाल्यांनी दरवाजा बंद केला आणि हल्लेखोरच सापळ्यात अडकले. रात्रभर गल्लीगल्लीत लढाई झाली. पहाटे आतल्यांनी तटावर निशाण दाखवून बाहेरच्या फौजेला कळवलं तेव्हा कुठे मुख्य सैन्य घुसलं. चौकात गाड्यांच्या आडोशाने शेवटचे लोक लढत होते. हत्यारं टाका, जीवदान देतो, असं त्यांना वचन दिलं. त्यांनी टाकली. मग त्यांनाही कापलं. सुमारे सहाशे माणसं मेली. रोथमानचं काय झालं ते कधीच कळलं नाही.

२२ जानेवारी १५३६ रोजी यान, क्निपरडोलिंग आणि क्रेख्टिंग या तिघांना चौकात तापल्या सांडशींनी छळून मारलं. प्रेतं तीन लोखंडी पिंजऱ्यांत घालून संत लांबेर्टीच्या चर्चच्या मनोऱ्यावर टांगली. पिंजरे आजही तिथेच आहेत. एकोणिसाव्या शतकात मनोरा पाडून नवा बांधला, तरी पिंजरे पुन्हा वर चढवले. दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात पडझड झाली, नंतर डागडुजी करून पुन्हा चढवले. १९८७ मध्ये लोथार बाउमगार्टेन या कलाकाराने प्रत्येक पिंजऱ्यात एकेक मिणमिणता दिवा लावला.

हे सगळं आपल्याला कोणी सांगितलं, हेही पाहायला हवं. मुख्य साक्षीदार दोन. एक ग्रेसबेक, म्हणजे फितूर झालेला माणूस, ज्याला स्वतःच्या वागण्याचं समर्थन करायचं होतं. त्याच्या आठवणी १८५३ मध्ये छापून आल्या. दुसरा हेर्मान फॉन केरसेनब्रोक, जो त्या वेळी शाळकरी मुलगा होता, वेढ्याच्या सुरुवातीलाच बाहेर पडला आणि पुढे त्याच शहरात मुख्याध्यापक झाला. त्याने लॅटिनमध्ये प्रचंड इतिहास लिहिला, तर नगरपालिकेनेच तो दाबला, कारण जुन्या घराण्यांची नावं त्यात येत होती. आतल्या श्रद्धावंताची, तटावर तेल ओतणाऱ्या एखाद्या बाईची साक्ष जवळपास नाहीच. तेव्हा राजवाड्यातल्या चैनीच्या गोष्टी वाचताना मी हात थोडा आखडता घेतो. वेढा, हल्ले, उपासमार यांवर मात्र दोन्ही बाजूंची कागदपत्रं जुळतात.

एक धागा राहिला, आणि तो चालत चालत आपल्या देशात येतो. १५३५ च्या वसंतात म्युन्स्टरच्या हाकेला ओ देऊन फ्रिसलँडमधल्या सुमारे तीनशे लोकांनी एक मठ ताब्यात घेतला. तोफा लावून तो जिंकला गेला आणि बहुतेक मारले गेले. जवळच्या विट्मार्सुम गावात मेनो सायमन्स नावाचा कॅथलिक पाद्री होता. ॲनाबाप्टिस्टांचं म्हणणं त्याला मनातून पटलेलं, पण नोकरी सोडवत नव्हती. या कत्तलीने तो हादरला. चुकीच्या मेंढपाळाच्या मागे गेलेली ती माणसं प्रामाणिक होती आणि आपण माहीत असून गप्प राहिलो, ही टोचणी त्याने पुढे स्वतः लिहून ठेवली आहे. लायडेनच्या यानविरुद्ध त्याने लिहिलं, १५३६ च्या जानेवारीत पाद्रीपण सोडलं आणि उरलेलं आयुष्य लपतछपत विखुरलेल्या लोकांना गोळा करण्यात घालवलं. न्यायाच्या दिवसावर त्याचा विश्वास होताच. पण तो दिवस आणणं आपलं काम नाही आणि तलवार तर मुळीच आपली नाही, हे त्याने पक्कं केलं. त्याच्या नावावरून त्या पंथाला मेनोनाइट म्हणतात.

हे लोक सैन्यात जात नाहीत. सक्तीची भरती आली की देश सोडतात. हॉलंडहून पोलंडकडे, तिथून रशियात, तिथूनही १८७० च्या दशकात अमेरिका-कॅनडात, अशी त्यांची वाट आहे. मी आयुष्य गणवेशात काढलं, त्यामुळे सगळेच असे वागले तर सीमेवर उभं कोण राहणार, हा प्रश्न माझ्या मनात येतो आणि मी तो लपवत नाही. पण फुकट बसणारे लोक ते नव्हेत. १८९७ च्या दुष्काळात अमेरिकेतल्या मेनोनाइटांनी हिंदुस्थानसाठी मदत गोळा केली, आणि १८९९ मध्ये त्यांचे पहिले मिशनरी आजच्या छत्तीसगडमधल्या धमतरीला आले. त्यांनी अनाथ मुलं सांभाळली, शाळा काढल्या, कुष्ठरोग्यांसाठी वस्ती उभारली, पुढे रुग्णालय चालवलं. रायपूर, भिलाईकडच्या आपल्या मराठी श्रोत्यांना धमतरीचं ख्रिश्चन हॉस्पिटल माहीत असेल. औषधासाठी तिथे जाणाऱ्या किती जणांना म्युन्स्टरचं नाव ठाऊक असेल, कोण जाणे. त्या हॉस्पिटलमागचा पंथ ज्या माणसाच्या नावाने ओळखला जातो, त्याला जागं केलं ते म्युन्स्टरच्या हाकेला ओ देऊन मठात मेलेल्या त्या तीनशे माणसांनी.